स्मृती आठवड्यांत ढासळली तर…

अल्झायमरमध्ये स्मृती वर्षानुवर्षे झिजते. पण महिन्यापूर्वी दुकानाचा हिशेब चोख ठेवणारा माणूस सुटे पैसे मोजताना अडखळू लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. मेंदूतला संसर्ग असू शकतो, आणि असे अनेक संसर्ग औषधाने आटोक्यात येतात.

आपल्याकडे आधी क्षयाच्या मेंदूज्वराचा विचार व्हायला हवा. बारीक ताप, डोकेदुखी, मंदावलेली भूक, चिडचिड, मग गुंगी. म्हाताऱ्या माणसांत ताप नसतोही. निदानासाठी पाठीतलं पाणी तपासतात. त्यात पेशी आणि प्रथिनं वाढलेली, साखर उतरलेली आढळते. पाणी काढल्याने पाय लुळे पडतात, ही भीती मनातून काढून टाका; स्कॅन पाहून योग्य रीतीने काढल्यास सहसा तसं होत नाही. या भीतीपायी उपचाराचे दिवस हातचे जातात. जीन एक्सपर्ट ही क्षयजंतूंची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही, असंही ठरत नाही.

हर्पिस विषाणूच्या मेंदूदाहात सगळं काही दिवसांतच घडतं: ताप, असंबद्ध बोलणं, झटके. असायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध शिरेतून लगेच सुरू करावं लागतं, रिपोर्ट येईपर्यंत थांबून चालत नाही. अशा रुग्णाला आधी देवऋषीकडे नेणं जिवावर बेतू शकतं.

एचआयव्ही आणि सिफिलिसमुळेही स्मृती ढासळू शकते, म्हणून त्यांच्या रक्तचाचण्या संकोच न करता कराव्यात. सिफिलिसचे जंतू मेंदूत असतात, हे नोगुची आणि मूर या संशोधकांनी १९१३ मध्ये दाखवलं. सिफिलिसवर पेनिसिलिन आजही चालतं. एचआयव्हीबाधितांत क्रिप्टोकॉकस ही बुरशीही शोधतात. पाठीतल्या पाण्यात काळी शाई मिसळली की सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशीभोवती स्वच्छ पांढरं कडं दिसतं.