शिवी, तुझं गाव कोणतं?

'भामटा', 'रानटी', 'जखीण'... आजीच्या ठेवणीतल्या या शिव्या आता चक्क क्यूट वाटतात. पण त्यांचं मूळ गाव शोधायला निघालात, तर हसू जरा आवरतं घ्यावं लागेल!

एक सोपी टेस्ट. बॉसवर चिडून तुम्ही शेवटची कोणती शिवी हासडली? (मनातल्या मनात हासडलेलीही चालेल!) बहुतेक मंडळी इंग्रजीतल्या त्या चार अक्षरांकडे बोट दाखवतील. आणि 'मेल्या', 'टोणग्या', 'भामट्या'? ते आता जुन्या नाटकात, नाहीतर गावाकडच्या आजीच्या तोंडी. गंमत म्हणजे सध्या या जुन्या शिव्यांना रेट्रो ग्लॅमर आलंय. आमच्या टीममध्ये लंचचे पैसे बुडवणाऱ्याला 'भामटा ऑफ द मंथ' असा किताब मिळतो. टाळ्या वगैरे वाजतात.

मी मूळचा शहाद्याचा, नंदुरबार जिल्ह्यातला. नोकरी पुण्यात. त्यामुळे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "नंदुरबार म्हणजे एक्झॅक्टली कुठं रे?" मी सांगतो, महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, वर सातपुडा, शेजारी गुजरात आणि मध्य प्रदेश, १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. मग दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे तुमच्याकडे ते रानटी लोक असतात ना?" विचारणारा मनानं वाईट नसतो. त्याला तो शब्द शिवी वाटतच नाही. म्हणून मग मी याच शब्दापासून सुरुवात केली.

रानातला तो रानटी

रानटी म्हणजे रानातला. बस्स, एवढंच! 'जंगली'चंही तेच. इंग्रजीतला 'सॅव्हेज' घ्या, तो लॅटिनमधल्या 'सिल्वा' म्हणजे अरण्य या शब्दावरून आला. हिंदी सिनेमानं आपला मानलेला 'व्हिलन' तर बिचारा शेतमजूर. 'व्हिला' म्हणजे जमीनदाराची शेतवाडी आणि तिथं राबणारा तो व्हिलन. आपल्या 'खेडवळ'चा हा युरोपातला मावसभाऊच म्हणा ना. 'बार्बेरियन'ची गोष्ट अजून मजेशीर. परक्यांची भाषा ग्रीकांना नुसती 'बर-बर' अशी ऐकू यायची, म्हणून ते झाले 'बार्बारोस'. संस्कृतातही 'बर्बर' आहेच.

पॅटर्न लक्षात येतोय? या शिव्या कुणाचा अवगुण सांगत नाहीत, त्या फक्त पत्ता सांगतात. हा रानातला, हा शेतातला, हा आपली भाषा न बोलणारा. शहरात बसून डिक्शनरी लिहिणाऱ्यानं त्या पत्त्याचा अवगुण केला.

आता हा पत्ता नकाशावर ठेवून बघा. २०११च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी... धडगाव, अक्कलकुवा भागात रान हेच घर, रेशन दुकान आणि दवाखाना. २००६च्या वनहक्क कायद्यानं तर रानात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांचा हक्क कागदावर मान्य केलाय. म्हणजे ज्याला आपण शिवी समजतो, तो इथं कायद्यानं मान्य केलेला रहिवासी पुरावा आहे, बॉस!

भामट्याला जात असते

पत्त्यानंतर नंबर जातीचा. महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या सरकारी यादीत १४ नावं आहेत. त्यात बेरड, कैकाडी, रामोशी यांच्यासोबत 'भामटा' आणि 'राजपूत भामटा' हीसुद्धा नावं आहेत. होय, आपण मित्राला प्रेमानं जे म्हणतो, ते कुणाच्या तरी जातीच्या दाखल्यावर लिहिलेलं असतं. कल्पना करा, ॲडमिशनच्या रांगेत उभं राहून एखाद्या मुलीला आपली जात सांगायचीय, आणि मागचे पाच जण खुदकन हसतायत.

याला इंग्रजांनी कायद्याचं खत घातलं. १८७१मध्ये 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट' आला. १९११च्या कायद्यानं तो देशभर लागू करता आला. गुन्हा केलाय की नाही हा प्रश्नच नाही, अमुक जातीत जन्मलात म्हणजे गुन्हेगार. पोलिसात हजेरी, परगावी जायचं तर परवानगी. ३१ ऑगस्ट १९५२ला हा कायदा गेला. म्हणूनच ३१ ऑगस्ट हा अनेक ठिकाणी 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. कायदा गेला, पण शिवी राहिली.

चटकन चाळा!

• बदमाश : फारसी 'बद' म्हणजे वाईट, अरबी 'मआश' म्हणजे उपजीविका. थोडक्यात, ज्याचा जॉब प्रोफाइल वाईट तो!

• नमकहराम : खाल्ल्या मिठाला न जागणारा. इंग्रजी 'सॅलरी'चं मूळही लॅटिनमधल्या मिठातच आहे. राजीनामा देताना जपून!

• ठग : आपला अस्सल देशी शब्द. १८३०च्या दशकात स्लीमननं ठगांविरुद्ध मोहीम चालवली आणि 'थग' इंग्रजीत पक्का झाला.

• व्हँडल : इसवी सन ४५५मध्ये रोम लुटणारी जमात. रोम इतरांनीही लुटलं, पण नाव चिकटलं ते यांनाच.

• देवानांप्रिय : सम्राट अशोकाची पदवी, देवांचा लाडका. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत पुढे तिचा अर्थ झाला 'मूर्ख'! सम्राटाचीही सुटका नाही.

बायकांचा वेगळा स्टॉक

पुरुषांसाठीच्या जुन्या शिव्या आळस, लबाडी, मंद डोकं यांच्याभोवती फिरतात. बाईसाठी मात्र वेगळं गोदाम आहे आणि गंमत म्हणजे त्यात देव्याच जास्त! बाळाच्या कपाळी नशीब लिहिणारी सटवाई, म्हणजेच षष्ठी देवी. तिचं नाव भांडणात 'सटवी' होतं. जखीण म्हणजे मुळात यक्षिणी. 'भवानी' तर थेट तुळजापूरची, तरी "आली भवानी!" हे वाक्य कुठल्या सुरात म्हणतात, ते सांगायला नको.

आणि तो 'र'वरून सुरू होणारा शब्द? 'रांड'. त्याचा मूळ अर्थ विधवा. नवरा गेला एवढाच त्या बाईचा दोष. ज्या बाईवर कुणाचा ताबा नाही, ती वाईट चालीचीच असणार, असं गृहीत धरणाऱ्यांनी त्याची शिवी केली. इंग्रज याबाबत मागे नाहीत. त्यांचा 'हसी' म्हणजे निर्लज्ज बाई, हा शब्द 'हाउसवाइफ'चाच घासून बनलेला अवतार आहे. गृहिणीपासून बदनाम बाईपर्यंत, एका शब्दात!

जी अजून जुनी झाली नाही

इथपर्यंत ठीक. शब्द जुने, जखमा बऱ्याचशा जुन्या. पण माझ्या जिल्ह्यातली एक शिवी म्युझियममध्ये जायला तयार नाही. 'डाकीण'.

मूळ शब्द संस्कृत 'डाकिनी'. तिबेटी बौद्ध परंपरेत ती पूजनीय, आकाशात विहरणारी, ज्ञान देणारी. लडाखच्या ट्रिपमध्ये मठाच्या भिंतीवर तुम्ही तिच्या चित्राचा फोटोही काढला असेल. त्याच शब्दाचं सातपुड्यातलं रूप ऐकून मात्र बाई घराबाहेर पडायला घाबरते. गावात लेकरू तापानं फणफणलं, बैल मेला, पीक गेलं, की भगताला विचारलं जातं, "कुणी केलं?" आणि बोट वळतं ते एखाद्या बाईकडे. अनेकदा विधवा, एकटी, कधी नावावर तुकडाभर जमीन असलेली. म्हणजे मघाचीच ती बाई, शिवी फक्त बदलली. मग बहिष्कार, मारहाण, गाव सोडायला लावणं. जीवही गेलेत. आणि हे त्याच डोंगररांगांत, जिथले लोक महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या याहामोगी मातेच्या जत्रेला पायी जातात. 'याहा' म्हणजे आई.

हे फक्त 'आदिवासींचं' आहे असं समजून सुस्कारा सोडू नका. अमेरिकेत सेलम इथं १६९२मध्ये शिकल्यासवरल्या न्यायाधीशांनी चेटूक केल्याच्या आरोपाखाली १९ जणांना फासावर चढवलं. त्याच खटल्यांत दोषी ठरलेल्या एलिझाबेथ जॉन्सन ज्युनिअरचं नाव अधिकृतपणे कोरं व्हायला २०२२ साल उजाडलं, तेही शाळकरी मुलांनी पाठपुरावा केला म्हणून. शिवी लागायला एक दुपार पुरते, पुसायला तीन शतकं.

आपल्याकडे निदान कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. अमकी करणी करते, तिच्यामुळे गुरं-माणसं आजारी पडतात, असा ठपका ठेवून एखादीचं जगणं मुश्कील करणं हा आता सहा महिने ते सात वर्षं कैदेचा गुन्हा आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते नंदुरबारच्या पाड्यांवर या प्रथेविरुद्ध बोलत आलेत. पण दवाखाना लांब आणि भगत जवळ असेल, तर कलमांना डोंगर चढायला वेळ लागतोच.

शिवीचं करायचं काय?

दोन लेखकांनी एक भन्नाट रस्ता दाखवलाय. कैकाडी समाजातल्या लक्ष्मण मानेंनी आत्मकथन लिहिलं, नाव ठेवलं 'उपरा'. १९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. लक्ष्मण गायकवाडांनी तर पुस्तकाला थेट 'उचल्या' म्हटलं आणि १९८८चा अकादमी पुरस्कार घेतला. जो शब्द अंगावर फेकला गेला, तोच कव्हरवर छापला. ब्रिटनमध्येही 'टोरी' हा आयरिश लुटारूंसाठीचा शब्द होता, तिथला एक पक्ष आज तो मिरवतो. मात्र एक फरक आहे. शिवी उलटवायला हातात काहीतरी लागतं, लेखणी किंवा मतं. पाड्यावरच्या एकट्या बाईच्या हातात यातलं काय आहे?

म्हणून आपल्यासारख्यांसाठी साधा फंडा. शिव्या सोडा असं मी म्हणणार नाही, डेडलाइनच्या दिवशी ते अशक्यच आहे! आळशाला आळशी म्हणा, खोटारड्याला खोटारडा, टोणग्याला खुशाल टोणगा. तो त्यानं कमावलेला असतो. पण शब्द जर कुणाचं गाव, जात किंवा वैधव्य सांगत असेल, तर तो लंचचे पैसे बुडवणाऱ्याला चिकटवू नका. बिल त्याचं असतं, भरतं मात्र तिसरंच कुणीतरी.

आणि 'डाकीण'? तीही एक दिवस 'मेल्या', 'टोणग्या'च्या रांगेत जाऊन बसावी. इतकी जुनी व्हावी, की सातपुड्यातल्या पोरीनं आजीला विचारावं, "म्हणजे गं काय?" आणि आजीला आठवायला वेळ लागावा.