टांगलेलें दहीं आणि परक्या देशाची बाजारपेठ

सणाच्या आदल्या रात्रीं दहीं फडक्यांत बांधून खुंटीस टांगावें, सकाळीं चक्का काढून त्यांत साखर घालावी, पुरणयंत्रांतून फिरवावा आणि दुपारच्या पंक्तीस श्रीखंड वाढावें, यांत आपल्या घरांतील कोणासहि व्यापाराचा संशय येणार नाहीं. परंतु अशाच टांगलेल्या दह्याचे लहान पेले भरून, तळाशीं फळांचा पाक घालून, ते थंड गाड्यांतून एका देशांतून दुसऱ्या देशांत विकावयास नेणें हा आज फार मोठा उद्योग झाला आहे. त्यापायीं लंडनच्या न्यायालयांत ‘ग्रीक’ या एका विशेषणावर वर्षभराहून अधिक काळ वाद चालला. त्या वादाची हकीकत मनोरंजक आहे. मात्र ती समजण्यास या धंद्याची मूळ अडचण प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे.

मुरंबा परदेशीं पाठविणाऱ्यास घाई नसते. जहाज आठ दिवस उशिरां लागलें तरी मुरंबा मुरतोच. दह्याचें तसें नव्हे. पांच अंशांच्या आंत थंडाव्यांत ठेविलें तरी त्याचें आयुष्य कांहीं आठवड्यांचें. गोठवावें तर उतरल्यावर पाणी सुटून तें रवाळ होतें. पेल्यावर अमुक तारखेच्या आंत खावें असा शिक्का असतो, आणि ज्याचे थोडेच दिवस उरले आहेत तो पेला दुकानदार ठेवून घेत नाहीं. बंदरावर, जकातीच्या नाक्यावर, तपासणींत जो दिवस जाईल तो व्यापाऱ्याच्या मुदलांतून जातो.

म्हणून या धंद्यांत जे टिकले त्यांपैकीं पुष्कळांनीं माल न नेतां कारखानाच नेला. आयझॅक कारासो यांनीं १९१९ सालीं बार्सिलोना येथें दह्याचा कारखाना काढला व मुलाच्या, दानिएलच्या, लाडक्या नांवावरून त्यास ‘दानोन’ म्हटलें. पुढें मुलानें १९२९ सालीं पॅरिसमध्यें बस्तान बसविलें, आणि महायुद्धांत परागंदा होऊन १९४२ सालीं न्यूयॉर्कमध्यें पुनः आरंभ केला. तेथील लोकांच्या जिभेस वळावें म्हणून नांवहि ‘डॅनन’ केलें. तरी आंबट दहीं अमेरिकन माणसाच्या घशाखालीं उतरेना. १९४७ सालीं पेल्याच्या तळाशीं स्ट्रॉबेरीचा पाक घातला, तेव्हां कोठें खप वाढूं लागला. (साखरेवांचून दहीं आपल्या मुलांस तरी कोठें आवडतें?)

कारखाना नेला म्हणजे दिवस वांचतात, पण मालाच्या नांवांतच मूळ देश गोंवलेला असला तर? फाये नांवाची पेढी १९२६ सालीं अथेन्समध्यें दुधादह्याच्या दुकानापासून सुरू झाली. या शब्दाचा ग्रीक भाषेंत अर्थ ‘खा’ असा होतो; दुकानास याहून सरळ नांव मिळणें कठीण. तिचें गाळलेलें घट्ट दहीं इंग्लंडांत पुष्कळ वर्षें ग्रीसहून येत असे व ‘ग्रीक दहीं’ या नांवानें चढ्या दरानें खपे. इतरत्र केलेल्या दह्यावर ‘ग्रीक धर्तीचें’ असें लिहिण्याचा तेथील व्यापाऱ्यांचा प्रघात पंचवीसएक वर्षें चालत आला होता.

इकडे तुर्कस्तानांतून अमेरिकेंत गेलेले हम्दी उलुकाया यांनीं २००५ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील साउथ एडमेस्टन या गांवचा बंद पडलेला कारखाना कर्ज काढून घेतला आणि २००७ पासून ‘चोबानी’ या नांवानें घट्ट दहीं विकूं लागले. चोबान म्हणजे मेंढपाळ. अमेरिकेंत त्यांची भरभराट झाली. २०१२ सालीं तोच अमेरिकन माल अटलांटिक ओलांडून इंग्लंडांत आला, आणि पेल्यावर शब्द होते ‘ग्रीक दहीं’. फायेनें तत्काळ दावा लाविला.

संस्कृत शिकवितांना ‘पंकज’ शब्द आला म्हणजे मुलांस योगरूढ अर्थ समजावून द्यावा लागे. पंकांत जन्मतें तें पंकज, ही व्युत्पत्ति. परंतु चिखलांतल्या बेडकास कोणी पंकज म्हणत नाहीं. व्युत्पत्ति आणि रूढि दोन्हीं एकदम लागू पडावीं लागतात. चोबानीचें म्हणणें असें कीं, ‘ग्रीक’ शब्द आतां केवळ रूढ आहे, त्याचा अर्थ घट्ट एवढाच. फायेच्या मतें इंग्लंडांत तो योगरूढच आहे: दहीं गाळून घट्ट केलेलें हवें आणि ग्रीसचेंहि हवें. न्यायासनापुढें अर्थात् पाणिनि नव्हता, गिऱ्हाइकांची साक्ष होती. ‘ग्रीक दहीं’ मागणाऱ्यांपैकीं बऱ्याच जणांस तें ग्रीसमध्यें झालेलें वाटतें व त्या गोष्टीचें महत्त्वहि वाटतें, असें ठरून मार्च २०१३ मध्यें निकाल फायेच्या बाजूनें लागला. जानेवारी २०१४ मध्यें अपिलांतहि तोच कायम झाला. चोबानीनें इंग्लंडांतून काढता पाय घेतला.

निकाल मला रास्त वाटतो. चोबानीचें दहीं वाईट होतें असें कोणी म्हटलें नव्हतें; परंतु दुसऱ्यानें वर्षानुवर्षें दूरचा माल वाहून कमावलेल्या शब्दाचा मोबदला फुकट घेतां येत नाहीं. मौज ही कीं, त्याच फायेनें २००८ सालीं न्यूयॉर्क राज्यांत जॉन्सटाउन येथें कारखाना काढला होता. अमेरिकेंत ‘ग्रीक’ म्हणजे केवळ गाळलेलें, म्हणून तेथें कोणाची हरकत नव्हती. एकच शब्द समुद्रापलीकडे रूढ आणि अलीकडे योगरूढ.

आपल्या लेकीसुना लंडनमध्यें सणासाठीं हेंच दहीं विकत आणून त्याचें श्रीखंड करितात. त्यांनीं पेला घेतांना ‘ग्रीक धर्तीचें’ हे शब्द दिसल्यास मागची यादीहि वाचावी. अशा कित्येक दह्यांत घट्टपणासाठीं मलई किंवा पीठ मिसळलेलें असतें. पीठ असलें तर तें रात्रभर टांगूनहि चक्का नीट बसत नाहीं, आणि श्रीखंड चिकट होतें.