ज्ञानकोशाच्या धूळपाटीवर आपले विद्यार्थी

ज्ञानकोश हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे कार्य सुरू झाले व १९७६ साली त्याचा पहिला खंड वाचकांच्या हाती आला. हे दोन्ही ग्रंथ विद्वानांनी लिहिले आणि आपण ते आदराने वाचले. मात्र १५ जानेवारी २००१ रोजी महाजालावर इंग्रजीत सुरू झालेल्या विकिपीडियाने ही रीत बदलली. तेथे जो वाचक तोच लेखक आणि तोच संपादक. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. इंग्रजी आवृत्तीत आज ७० लाखांच्या आसपास लेख आहेत. मराठीतील लेखांची संख्या लाखाच्या जवळपास आहे. हे अंतर भरून काढायचे तर लिहिणारे हात हवेत. म्हणूनच अनेक शाळा-महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना या ज्ञानकोशाचे संपादन शिकवले जाते.

हे शिक्षण नेमके कशाचे, हे पालकांनी व शिक्षकांनी समजून घ्यावे, यासाठी हा लेखप्रपंच.

पहिला धडा: धूळपाटी

विद्यार्थी प्रथम आपले सदस्यनाव नोंदवतो. त्यानंतर त्याला सरावासाठी जे पान मिळते, त्याला मराठी विकिपीडियावर 'धूळपाटी' असे समर्पक नाव आहे. पूर्वी मुले धूळ पसरलेल्या पाटीवर अक्षरे गिरवीत व पुसून टाकीत, तसेच हे पान. येथे चुकले तरी कोणाचे नुकसान होत नाही. देवनागरी टंकलेखन, मथळे, दुवे आणि तळटिपा यांचा सराव येथेच होतो.

प्रत्येक लेखाला 'चर्चा' आणि 'इतिहास' अशी दोन पाने जोडलेली असतात. इतिहासाच्या पानावर कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता कोणता बदल केला, याची नोंद राहते. कोणी खोडसाळपणा केला तर पूर्वीचा मजकूर परत आणता येतो. चर्चेच्या पानावर मतभेद मांडले जातात. सर्वसाधारण प्रश्नांसाठी 'चावडी' आहे आणि देखरेखीसाठी 'प्रचालक' आहेत. हे सारे बहुतांशी विनावेतन, स्वयंसेवेने चालते.

दुसरा धडा: आधाराविना विधान नाही

तंत्र एका दुपारी शिकता येते. कठीण भाग त्यापुढे आहे. विकिपीडियाची तीन मुख्य बंधने अशी: लिहिलेली गोष्ट विश्वसनीय प्रकाशित साधनात पडताळता आली पाहिजे, लेखकाने आपले स्वतःचे नवे संशोधन तेथे मांडू नये, आणि लेखन निःपक्षपाती असावे.

उदाहरण घेऊ. एखादा विद्यार्थी लिहितो, "फादर थॉमस स्टीफन्स हे मराठीचे सर्वश्रेष्ठ कवी होत." आपल्याला हे वाचून आनंद होईल, परंतु हे मत आहे, माहिती नव्हे. त्याऐवजी त्याने असे लिहावे की, १५४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले व त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. प्रत्येक विधानापुढे ग्रंथ व पृष्ठ यांचा आधार द्यावा. एखाद्या समीक्षकाने त्यांच्या काव्याची थोरवी गायली असेल, तर ते त्या समीक्षकाचे मत म्हणून, त्याच्या नावानिशी नोंदवावे. असे केल्याने फादर स्टीफन्स यांचे मोठेपण उणावत नाही. वाचक ते स्वतः पारखून घेतो.

निःपक्षपातीपणाची कसोटी याहून अवघड. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. मराठी इतिहासात तो पराक्रमाचा दिवस आहे, तर पोर्तुगीजांच्या इतिहासात पराभवाचा. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या दृष्टीने तो जुनी घडी मोडल्याचा आणि नव्या राज्यात जगणे सुरू झाल्याचा काळ होता. या विषयावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने कोणाची बाजू घ्यावी? कोणाचीच नाही. प्रत्येक बाजू तिच्या आधारासह, योग्य त्या प्रमाणात मांडावी. जी बाजू आपल्याला रुचत नाही तीही प्रामाणिकपणे मांडणे, ही सवय सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला लागली तर तिचा उपयोग जन्मभर होईल.

पुण्याचा अनुभव

या शिक्षणात घाई केल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. २०११ साली विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातील काही महाविद्यालयांत एक उपक्रम सुरू केला. शेकडो विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे होते. हेतू चांगला होता. परंतु अनेकांनी पाठ्यपुस्तकांतील व महाजालावरील मजकूर जसाच्या तसा उतरवला. दूरदेशीचे स्वयंसेवक तो शोधून काढून टाकता टाकता थकले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये तो उपक्रम थांबवावा लागला.

सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे आम्हाला योग्य वाटत नाही. पुस्तकातील उत्तर अक्षरशः लिहिणाऱ्याला आपली परीक्षापद्धती पूर्ण गुण देत आली आहे. मग तीच गोष्ट अन्यत्र चोरी ठरते, हे त्यांना कोणी सांगितले होते? वाचलेले मिटून ठेवावे, समजले तेवढे आपल्या शब्दांत लिहावे व ते कोठून घेतले हे सांगावे, ही शिकवण आधी द्यायला हवी. आता तर क्षणात मजकूर रचून देणारी यंत्रे मुलांच्या हाती आहेत. ती कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे दाखले देतात. त्यामुळे प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

खोट्या शब्दाची किंमत

२००५ साली अमेरिकेतील ज्येष्ठ पत्रकार जॉन सीगेनथालर यांच्याविषयी एकाने गंमत म्हणून विकिपीडियावर खोटी माहिती लिहिली. केनेडी बंधूंच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडणारा तो मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. हे प्रकरण उघडकीस आल्यावर इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी न केलेल्या व्यक्तींना नवा लेख सुरू करण्यास मनाई केली. 'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो. संगणकासमोर बसल्यावर ती लागू होत नाही, असे मुलांना वाटता कामा नये.

आपल्या धर्मग्रामांसाठी

आपल्यापैकी अनेकांना वाटेल की, आपल्या चर्चचा, गावाचा, बोलीचा इतिहास लगेच तेथे लिहून काढावा. ही इच्छा स्तुत्य आहे. परंतु येथे एक अडचण आहे. चर्चची घंटा कोणत्या कुटुंबाने दिली, हे आजीला ठाऊक असते. मात्र ते कोठेही छापलेले नसेल, तर ज्ञानकोश ते स्वीकारत नाही. आजीवर अविश्वास म्हणून नव्हे, तर दूरच्या वाचकाला ते पडताळता येत नाही म्हणून. यावरचा उपाय आपल्या हातात आहे. वृद्धांच्या आठवणी नीट नोंदवाव्यात, जुन्या कागदपत्रांशी ताडून पाहाव्यात आणि चांगल्या नियतकालिकांत वा ग्रंथांत प्रसिद्ध कराव्यात. आधी ग्रंथ, मग ज्ञानकोश, असा हा क्रम आहे. आपल्याच स्मरणिकेतून साध्या तारखा घेता येतील. आपली स्तुती मात्र तिच्या आधारे करता येणार नाही. आपली शाळा, आपली संस्था, आपले धर्मगुरू यांच्याविषयी आपणच गौरवपर लेख लिहिणे तर टाळावेच.

आरंभ लहान असावा. एखाद्या लेखातील शुद्धलेखन सुधारावे. चुकलेले साल संदर्भासह दुरुस्त करावे. आपण स्वतः काढलेले गावच्या चर्चचे छायाचित्र मुक्त परवान्याखाली द्यावे. मात्र ते पुढे कोणालाही वापरता येईल, हे देण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. आपला मजकूर दुसऱ्याने बदलला तर रागावू नये. चर्चेच्या पानावर नम्रपणे कारण विचारावे.

युवक-युवतींच्या गटांनी आणि शिक्षकांनी सुट्टीच्या काळात एखादा विषय घेऊन ग्रंथालयात बसावे, अशी आमची विनंती आहे. पाच मुलांनी मिळून महिन्याभरात एक लेख लिहिला, तरी चालेल. त्यातील प्रत्येक वाक्य कोठून आले, हे मात्र त्या पाचही जणांना सांगता आले पाहिजे.