कल्पित भाषांची नांवनोंदणी

मुचकुंदी नदी जेथें समुद्रास मिळते, त्या पूर्णगडच्या मुलांनीं वडील माणसांस कळूं नये म्हणून ‘च’ची भाषा सुरू केली, असें समजा. ‘कोण आहे’ याचें ‘चणको चहेआ’ झालें! या भाषेस जगांतील भाषांच्या यादींत स्थान मिळेल काय?

अशी यादी खरोखरीच आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेनें 2007 सालीं प्रसिद्ध केलेल्या या यादींत प्रत्येक भाषेस तीन रोमन अक्षरांचा संकेत असतो, मराठीचा ‘एमएआर’. ग्रंथालयांच्या सूची व संगणक भाषेस अशा संकेतांनींच ओळखतात. नोंदीचें काम अमेरिकेंतील एसआयएल ही संस्था पाहते. रचलेल्या भाषाही तींत आहेत. डॉ. झामेनहॉफ यांच्या 1887 च्या एस्परांतोस ‘ईपीओ’, तर चित्रपटांतील परग्रहवासीयांसाठीं रचलेल्या क्लिंगॉनलाही ‘टीएलएच’ हा संकेत आहे. वाचकांस हंसूं येईल. परंतु नियम कडक आहेत. भाषा माणसांच्या परस्परव्यवहारासाठीं असावी आणि तिच्यांत वाङ्मय असावें. कॅनडांतील सोन्या लँग यांनीं 2001 सालीं प्रसिद्ध केलेल्या तोकी पोना या अत्यल्प शब्दांच्या भाषेची मागणी आधीं फेटाळली गेली. बोलणारे व लिहिणारे वाढल्यावर 2022 सालीं ती मान्य झाली. हें योग्यच झालें. आमच्या ‘च’च्या भाषेंत तर मराठीचींच अक्षरें मागेंपुढें केलेलीं, तिनें आशा करूं नये. हौस असल्यास ‘क्यूएए’ पासून ‘क्यूटीझेड’ पर्यंतचे 520 संकेत खासगी उपयोगासाठीं मोकळे ठेवलेले आहेतच.

मनास लागते ती गोष्ट निराळी. रत्नागिरीकडील कांहीं जुन्या घरांतून चालत आलेल्या चित्पावनीस स्वतंत्र संकेत नाहीं. तिला साधारणतः कोंकणींत गणतात. यांत कोणाचा द्वेष नाहीं. नव्या संकेताची मागणी कोणासही करतां येते, मात्र ही बोली शेजारच्या बोलींहून वेगळी भाषा आहे, हें पुराव्यानिशीं दाखवावें लागतें. क्लिंगॉनच्या हौशी मंडळींनीं ‘हॅम्लेट’चें भाषांतर केलें, आपण घरांतील आजींचे शब्द तरी टिपले आहेत काय? ज्यांच्या घरीं ही बोली अजून कानीं पडते, त्यांनीं गोष्टी, म्हणी, स्वयंपाकघरांतील बोलणें ध्वनिमुद्रित करावें. सोबत बोलणाराचें गांव, वय व दिनांक लिहावा. तूर्त त्यावर कोंकणीचा ‘केओके’ घालून पुढें ‘चित्पावनी’ असें अक्षरीं लिहिलें, तरी उद्यांच्या अभ्यासकास तें सांपडेल.