शाळा बदलली म्हणून

मुंबईत क्रिकेटसाठी शाळा बदलायची रीत जुनी आहे. ऐंशीच्या दशकात वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात राहणारा सचिन तेंडुलकर रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरून जवळचं न्यू इंग्लिश स्कूल सोडून दादरच्या शारदाश्रमात गेला. विनोद कांबळी कांजूरमार्गहून लोकलच्या गर्दीत किट सांभाळत तिथेच यायचा. फेब्रुवारी १९८८मध्ये हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेच्या सामन्यात या दोघांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. उपनगरातल्या मुलाला घराजवळ शाळा होती. पण शील्डला उतरणारा तगडा संघ, रोज नेटवर उभे राहणारे सर आणि सामन्यापायी बुडालेले तास समजून घेणारे शिक्षक मिळतीलच असं नव्हतं.

हे बोरिवलीत बदललं. १९९९च्या उन्हाळी शिबिरातल्या एका सामन्यात प्रशिक्षक दिनेश लाड यांना आजी-आजोबांकडे राहणारा एक ऑफस्पिनर दिसला. स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये ये, असं त्यांनी रोहित शर्माला सांगितलं. तिथली महिन्याची फी २७५ रुपये होती, असं लाड सर मुलाखतींत सांगतात. तेवढी घरच्यांना परवडत नव्हती. सरांनी शाळेच्या चालकांकडे शब्द टाकला आणि चालकांनी फी माफ केली. पुढे एके दिवशी शाळेत शिरताना सरांना कोणीतरी सरळ बॅटने नॉकिंग करताना दिसलं. जवळ जाऊन पाहतात, तर आपलाच ऑफस्पिनर! त्यांनी त्याला सलामीला पाठवलं आणि त्याने शतक ठोकलं. मला मात्र ती फीमाफी त्या शतकाइतकीच मोलाची वाटते. ती नसती तर सरांची पारखी नजर काय कामाची होती?

पालघरकडचा शार्दूल ठाकूरही याच शाळेत आला. रोजचा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून लाड सरांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. हॅरिस शील्डमध्ये त्याने एका षटकात सहा षटकार मारले. २०२२मध्ये सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

पण दोन कसोटीपटू घडले म्हणून एखाद्या शाळेची संस्कृती सिद्ध होत नाही. संघात अकरा जण, आणि पटावर शेकडो. बाकीच्यांच्या वाट्याला काय आलं, हे कुठल्याच धावफलकावर नसतं. अनेक शाळांत दहावीचं वर्ष लागलं की खेळाचा तास सर्वांत आधी गणिताला जातो, आणि स्नेहसंमेलनातही निवडक मुलंच वर्षानुवर्षं रंगमंचावर दिसतात. ज्या शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाचंही नाव कुठल्या ना कुठल्या यादीत लागतं, ती शाळा मला मोठी वाटते.

येत्या जूनसाठी प्रवेश घेताना पालकांनी निकाल जरूर विचारावा. त्याबरोबर संघात नसलेल्या मुलांना मैदान कधी मिळतं आणि फी न परवडणाऱ्या मुलासाठी शाळा काय करते, हेही मुख्याध्यापकांना समोर बसून विचारावं.