झेंडूचा शेंडा केव्हा खुडावा?

विजयादशमीस घरोघरी झेंडूची तोरणे लागतात. हे फूल मूळचे मेक्सिकोकडचे, पण आता ते परके वाटत नाही. शाळेच्या आवारात किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयापुढे त्याचे दोन वाफे सहज करता येतात. मात्र उंच वाढणाऱ्या आफ्रिकन झेंडूचे रोप पुष्कळदा सरळसोट वाढते, शेंड्यावर लवकर एक फूल धरते आणि पावसाच्या झोडीने आडवे होते. त्यावर साधा उपाय म्हणजे शेंडा खुडणे.

वाढत्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते. ते खोडातून खाली उतरते आणि पानांच्या बगलेतील डोळे फुटू देत नाही. १९३३ साली थिमन व स्कूग या शास्त्रज्ञांनी हे घेवड्याच्या जातीच्या एका रोपावर दाखविले. शेंडा छाटून त्या जागी ऑक्सिन लावले असता डोळे निद्रिस्तच राहिले. पुढे २०१४ साली वाटाण्यावरील संशोधनातून असे दिसले की, शेंडा जाताच त्याच्याकडे जाणारी साखर डोळ्यांकडे वळते आणि त्यांना फुटण्याची पहिली चालना मिळते. एका शेंड्याच्या जागी अनेक फांद्या येतात व प्रत्येक फांदी कळी धरते.

लागवडीनंतर साधारणतः चार ते पाच आठवड्यांनी, पहिली कळी दिसू लागताच, शेंड्याचा कोवळा भाग अंगठा व तर्जनीच्या नखांनी खुडावा. खाली पानांच्या काही जोड्या राहिल्या पाहिजेत. नंतर पाणी व खत द्यावे.

खुडणीमुळे बहर काही दिवस लांबतो, ही गोष्ट विसरून चालत नाही. प्रस्तुत लेखकाने एका वर्षी अंगणातील रोपांचे शेंडे भाद्रपद सरता सरता खुडले. दसऱ्याला तोरणासाठी बाजारातून फुले आणावी लागली. घरची झाडे दिवाळीत मात्र लगडली होती! सणासाठी फुले हवी असतील तर लागवडीची तारीखच तेवढी अलीकडे आणावी.

शेवंतीलाही खुडणी मानवते. प्रदर्शनासाठी एकच मोठे फूल हवे असल्यास मात्र उलट करावे, म्हणजे बाजूच्या कळ्या काढून शेंड्याची तेवढी ठेवावी. ठेंगणा फ्रेंच झेंडू आपोआपच फुटतो. निशिगंधाचा दांडा कंदातून एकटाच वर येतो. तो खुडला तर फुलेच गेली.