न-ह-म : सांत्वन आणि अनुताप यांचे एकच मूळ

हिब्रू बायबलमध्ये ‘न-ह-म’ हा तीन व्यंजनांचा धातू शंभराहून अधिक वेळा येतो. नहेम्या, नहूम, मेनाखेम ही सांत्वनाचा अर्थ वाहणारी नावे याच धातूची. मनुष्याला निर्माण केल्याचा देवाला पस्तावा झाला, असे उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे, तिथेही क्रियापद याच धातूचे. शब्दकोश दोन अर्थांना दोन क्रमांक देऊन मोकळे होतात. पुरावा मात्र वेगळे सांगतो. घडून गेलेल्या किंवा ठरलेल्या गोष्टीपुढे मनाचा कल पालटणे, ही या धातूची एकच क्रिया आहे. शोकात बुडालेल्याचा कल पालटला की ते सांत्वन. ज्याने कृती केली किंवा करायची ठरवली, त्याचा पालटला की तो अनुताप.

पहिला पुरावा उत्पत्तीतच सापडतो. पाचव्या अध्यायाच्या अखेरीस लामेख आपल्या मुलाचे नाव नोहा ठेवतो. आमच्या कामात आणि कष्टांत हा आमचे सांत्वन करील, अशी त्याची आशा. पुढे अवघ्या काही ओळींवर देवाला मनुष्य केल्याचा पस्तावा होतो आणि त्याच्या मनाला क्लेश होतात. या दोन्ही वाक्यांत सांत्वन-पस्तावा, काम-करणे आणि कष्ट-क्लेश यांचे तेच तीन धातू त्याच क्रमाने येतात. याला योगायोग म्हणणे कठीण. लेखकाने एकच शब्द जाणूनबुजून दोन्ही बाजूंनी वाजवून दाखवला आहे.

यावर व्याकरणाचा आक्षेप असा, की धातूच्या ‘पिएल’ रूपाचा अर्थ सांत्वन आणि ‘निफाल’ रूपाचा पस्तावा, मग घोळ कसला? पण ही वाटणी टिकत नाही. आईच्या मृत्यूनंतर इसहाकाचे आणि पत्नीच्या मृत्यूनंतर यहूदाचे दुःख निवळते, तेव्हा क्रियापद निफालच आहे. ग्रीक भाषांतरकारांची अडचणही बोलकी आहे. शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा होतो, त्या ठिकाणी (१ शमुवेल १५:११) सेप्टुआजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतराने एरवी सांत्वनासाठी वापरले जाणारे क्रियापद योजले. त्याच अध्यायाच्या शेवटच्या ओळीत मात्र पस्ताव्याचे. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात तर पस्ताव्याऐवजी देवाने ‘विचार केला’ एवढेच लिहून ते सुटले.

दुसरा आक्षेप धर्मशास्त्राचा आणि अधिक वजनदार. सर्वज्ञ देव पस्तावेल कसा? शमुवेलाच्या याच अध्यायात देव मनुष्याप्रमाणे पस्तावत नाही असे ठासून सांगितले आहे, आणि त्याच्या आधी व नंतर तो पस्तावल्याचेही. अकराव्या शतकातील फ्रेंच ज्यू भाष्यकार राशी यांनी यावर मार्मिक तोडगा दिला: बायबलमध्ये हा शब्द जिथे येतो, तिथे त्याचा आशय काय करावे याचा फेरविचार, असा आहे. निनवे नगरातली माणसे वाईट वाटेवरून वळली तेव्हा देवानेही ठरवलेली शिक्षा टाळली. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात कुंभाराच्या दृष्टान्तातून हाच नियम दोन्ही दिशांनी मांडला आहे: राष्ट्र सुधारले तर अरिष्टाचा फेरविचार, बिघडले तर कल्याणाचा. चूक कबूल करणे हा या शब्दाचा गाभा असता, तर हा नियम निरर्थक ठरला असता.

तिसरा आक्षेप पद्धतीचा. मूळ धातूवरून अर्थ काढू नये, असा इशारा बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्ये दिला होता आणि तो रास्तच आहे. म्हणूनच इथे व्युत्पत्तीवर नव्हे, प्रयोगावर भिस्त ठेवली आहे. प्रयोग तर अडचणीचेही आहेत. एसाव याकोबाला ठार मारण्याच्या बेताने स्वतःचे समाधान करून घेतो, तेव्हाही हाच धातू येतो. त्या सांत्वनात कसलीही साधुता नाही. फक्त दुःखाची दिशा सुडाकडे वळली आहे. ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात तर अर्थ पस्तावा की सांत्वन, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. सिद्धान्त खरा असेल, तर अशी संदिग्धता असायलाच हवी.

ज्यू परंपरेने हा शब्द पंचांगात बसवला. मंदिरांच्या विध्वंसाच्या शोकदिनानंतरचा शब्बाथ यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातील सांत्वनाच्या पुकाराने ओळखला जातो, आणि सांत्वनाचे सात आठवडे सरले की नववर्ष व प्रायश्चित्ताचे दिवस येतात. मराठीत दोन्ही अर्थ एका शब्दात मावत नाहीत. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून केलेल्या भाषांतरापासून आजवर प्रत्येक मराठी भाषांतरकाराला दर ठिकाणी एक बाजू निवडावी लागली आहे. मराठी बायबल वाचणाऱ्याने म्हणूनच ‘सांत्वन’ दिसले की पस्ताव्याच्या, आणि ‘पस्तावा’ दिसला की सांत्वनाच्या शक्यतेचा विचार अवश्य करावा.